अथक

उदय शेडगे साताऱ्याच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत कामाला होता, आणि रविवारी सायकलवाल्यांच्या गटात तो सगळ्यांच्या मागे असायचा. मागे पडायचा असं नाही, मागे राहायचा. यवतेश्वरचा घाट सुरू झाला की तरणी पोरं दिसेनाशी व्हायची, मधली मंडळी आपापल्या गतीने चढायची, आणि त्या दिवशी जो कोणी सर्वांत हळू असेल त्याच्या शेजारी उदयची सायकल चाललेली असायची. हे काम त्याला कोणी नेमून दिलं नव्हतं. त्याला माणसाचा दम कळायचा, एवढंच. समोरच्याचा श्वास तोंडाने सुरू झाला, खांदे डुलू लागले, गिअर हलका करायला हवा तिथे तो करेनासा झाला, की उदय म्हणायचा, "एक घोट पाणी घेऊ या." आणि स्वतःच आधी पाय टेकायचा. म्हणजे थांबण्याचा कमीपणा दुसऱ्याकडे जाऊ नये.

त्याची बायको रोहिणी ही नगर वाचनालयात नोकरीला होती. थायरॉइडच्या दुखण्यानंतर तिचं वजन वाढलं, जिना चढताना धाप लागू लागली, तेव्हा उदयनेच तिच्यासाठी सायकल जुळवली. मागच्या चाकाची दातेरी चक्री, म्हणजे कॅसेट, जास्त दातांची बसवली, म्हणजे चढाला पाय हलका पडेल. हँडल थोडं उंच घेतलं. दर रविवारी दुपारी गॅलरीत वर्तमानपत्र पसरून तो दोन्ही सायकलींच्या चेन पुसायचा, तेलाचा एकेक थेंब सोडायचा, ब्रेकचे रबर बघायचा, आणि रोहिणी शेजारी बसून मोठ्याने काहीतरी वाचून दाखवायची. पहिल्यांदा ती घाट न थांबता चढली त्या दिवशी माथ्यावरच्या देवळापाशी पोचून तिला रडू आलं होतं. तिचं पाहून उदयलाही आलं होतं.

अशा माणसाला कधी काही हवंसं वाटत नसेल असं लोकांना वाटतं, पण तसं नव्हतं. पन्नाशी जवळ आली होती. गटाची दरवर्षी घाटाची शर्यत व्हायची आणि उदय त्यात कधीच कुठे नसायचा. एकदा गटात नव्याने आलेला एक इंजिनिअर चहा पिताना हसत म्हणाला, की शेडगेकाका मागे असले की बरं असतं, आपण शेवटचे येत नाही. त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. उदयही हसला. पण ते वाक्य आठवडाभर त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

त्याच सुमारास 'अथक' बाजारात आली.

ती रुपयाच्या नाण्याएवढी पट्टी होती, कानामागे चिकटवायची. तिच्यामागचं विज्ञान उदयने सगळं वाचून काढलं होतं आणि गटाला सोप्या शब्दांत सांगितलंही होतं. आपण दमतो तेव्हा स्नायू खरोखर संपलेले नसतात. मेंदू त्यांना बराच आधी आवरतो. हृदयाची धडधड, रक्तातली उष्णता, मांड्यांतली जळजळ या सगळ्या बातम्या कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या मेंदूच्या इन्सुला नावाच्या एका घडीत जमा होतात, आणि तिथून निरोप निघतो की आता पुरे. हा निरोप सावधपणाचा असतो. गाडीच्या टाकीत पेट्रोल शिल्लक असतानाच दिवा लागतो, तसा. अथकमधून अगदी क्षीण अशा ध्वनिलहरी नेमक्या त्या घडीवर सोडल्या जात. ती घडी जरा झोपाळू व्हायची आणि दिवा उशिरा लागायचा. औषध नव्हतं, सुई नव्हती, रक्तात काही सापडण्यासारखं नव्हतं. पट्टी फक्त व्यायामापुरती लावावी, नंतर काढून ठेवावी, अशी सूचना सोबत होती.

पहिल्या रविवारी उदय घाट चढला तो कसा, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नव्हतं. पाय जळत होते, हे त्याला कळत होतं. पण शेजारच्या घरात कोणाचा तरी टीव्ही चालू असावा, तसं. तो मधल्या मंडळींना मागे टाकून गेला. वळणावर तो इंजिनिअर दिसला, त्यालाही मागे टाकलं. देवळापाशी सावलीत उभं राहून, खाली पसरलेला सातारा आणि समोरचा अजिंक्यतारा बघत, त्याने आयुष्यात पहिल्यांदा इतरांची वाट पाहिली.

रोहिणी त्या दिवशी सर्वांच्या शेवटी आली. एकटी. तरी तिने त्याचं कौतुक केलं.

पुढच्या महिन्यांत उदय बदलला. वजन उतरलं, मांड्या दगडासारख्या झाल्या, घाटाच्या शर्यतीत तो आपल्या वयोगटात पहिला आला. लोक त्याला विचारायला येऊ लागले आणि तो भरभरून सांगू लागला. गटातल्या अनेकांनी त्याच्या सांगण्यावरून पट्टी घेतली. मिलिंद सपकाळ म्हणून एक जण होता, बँकेत अधिकारी, उदयपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याचं सायकलिंग जवळपास सुटलं होतं. रात्रीची जागरणं करून माणूस पिचून गेला होता. उदयने स्वतःची जादाची पट्टी त्याच्या कानामागे स्वतःच्या हाताने चिकटवून दिली आणि सांगितलं, वापरून तर बघ.

कधीतरी उदयने पट्टी दिवसभर ठेवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेत उभं राहून पाय भरून येत नसत. बैठका कंटाळवाण्या वाटत नसत. मग झोपतानाही ती काढायचं राहून जाऊ लागलं.

काहीतरी बिनसतंय हे त्याला कळलं नाही असं म्हणता येणार नाही. त्याच्या हाताखालची सुषमा एका सकाळी वडील गेल्याचं सांगत समोर उभी होती. उदयने ते ऐकलं आणि नमुन्यांचे निकाल कोण पूर्ण करेल ते विचारलं. ती काही क्षण त्याच्याकडे बघत राहिली आणि गेली. तिच्या बघण्यात काहीतरी होतं, एवढं त्याला दिसलं. काय होतं ते उमगलं नाही. संध्याकाळी त्याने हे रोहिणीला सांगितलं, एखादी चमत्कारिक गोष्ट सांगावी तसं. ती पोळ्या लाटत होती. तिचे हात थांबले.

"तू माझंही ऐकतोस हल्ली," ती म्हणाली, "पण तुला पोचत नाही काही. ती पट्टी घरी तरी काढत जा."

तो बरं म्हणाला. दोन-तीन दिवस त्याने काढलीही. पण पट्टी काढली की सगळं एकदम अंगावर यायचं, पाठ, गुडघे, ऑफिस, वय. तेव्हा त्याने ती पुन्हा लावली आणि केस थोडे वाढू दिले, म्हणजे ती दिसणार नाही.

मार्चची सुरुवात होती. अलीकडच्या वर्षांत मार्चमध्येच उन्हाचे इशारे येऊ लागले होते. शहरातल्या खांबांवर सकाळपासून पिवळे दिवे लागत. त्या रविवारी दिवा नारिंगी होता. गटाने चढाई रद्द केली. उदयने केली नाही. पुढच्या शर्यतीत रोहिणीनेही उतरावं असं त्याने ठरवलं होतं आणि तिची तयारी करून घ्यायची होती. ती नको म्हणत होती. मग म्हणाली की तू सोबत राहणार असशील तर येते. बऱ्याच दिवसांनी ते दोघे शेजारी शेजारी चढणार होते.

आणि तो खरोखर सोबत राहिला. हीच गोष्ट पुढे त्याला सर्वांत जड गेली.

घाटाच्या मधल्या टप्प्यावर रोहिणी म्हणाली, थांबू या का. तो म्हणाला, लय तुटेल, अजून थोडं. पुढच्या वळणावर तिने पुन्हा विचारलं. तो तिच्या मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे आकडे बघत होता. आकडे चढे होते, पण त्याच्या मते चढावर ते असायचेच. मग तिने विचारणं बंद केलं. तिच्या दंडावर शहारा आलेला त्याने पाहिला. भर उन्हात. तिला घाम येणं थांबलं होतं, तेही पाहिलं. तिची सायकल रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या रेषेच्या आत-बाहेर होऊ लागली. ती काहीतरी बोलली ते शब्द एकमेकांत चिकटलेले होते. पूर्वीच्या उदयला यातली एक गोष्ट पुरली असती. त्या दिवशी त्याने एकूण एक गोष्ट पाहिली, आणि गिअर एकाने हलका कर म्हणून सांगितलं.

रोहिणी कठड्याच्या बाजूला कलली आणि पडली.

उदय उतरला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती डोळे अर्धवट उघडे ठेवून पडली होती, एक हात अंगाखाली विचित्र दुमडलेला. मग त्याने तिची सायकल उचलली. चेन उतरून फ्रेममध्ये अडकली होती आणि मागच्या चाकापाशी चेन सरकवणारा गिअरचा हात आत वाकला होता. तो वाकलेला राहिला आणि कोणी तसंच पॅडल मारलं तर चाकाचे आरे तुटतात, हे त्याला माहीत होतं. त्याने सायकल कठड्याला टेकवली, गुडघ्यावर बसला आणि चेन सोडवू लागला.

कासकडे प्रवासी भरून नेणारी वडापची जीप करकचून थांबली. तिच्यातून एक बाई उतरल्या, हातातली पिशवी रस्त्यावरच टाकून रोहिणीकडे धावल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं, बाटलीतलं पाणी तिच्या मानेवर, काखेत ओतू लागल्या. मग त्यांनी मान वर करून उदयकडे पाहिलं. त्याच्या बोटांना काळं तेल लागलं होतं.

"अवो, कोण हाय ही तुमची?" त्यांनी विचारलं.

"बायको," उदय म्हणाला.

त्या बाई पुन्हा रोहिणीकडे वळल्या. त्यांनी पदर भिजवला आणि रोहिणीच्या तोंडावर धरला.

उष्माघात होता. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती. पहिले दोन दिवस रोहिणी अतिदक्षता विभागात होती आणि उदय बाहेरच्या बाकावर नीट बसलेला होता. वेळेवर जेवत होता, सह्या करत होता, नातेवाइकांना फोनवर व्यवस्थित माहिती देत होता. त्याच्या शांतपणाचं एका नर्सने कौतुकही केलं. मेंदूविकार पाहणाऱ्या डॉ. शाहीन तांबोळी दुसऱ्या रुग्णासाठी आल्या होत्या. त्यांचं लक्ष त्याच्या कानामागे गेलं. त्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी त्याच्या परवानगीने पट्टी काढली.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. स्वतःच्या शरीराच्या बातम्या मेंदू ज्या घडीत वाचतो, बऱ्याच अंशी तिथेच तो दुसऱ्याच्याही वाचतो. दुसऱ्याला ठेच लागलेली पाहून आपण कळवळतो, कारण ती ठेच क्षणभर आपल्याच इन्सुलात लागते. दुसऱ्याचा दम आपण आपल्याच छातीने ओळखतो. ती घडी झोपवली की डोळ्यांना सगळं दिसत राहतं, बुद्धीला सगळं समजत राहतं, फक्त त्याचं काही वाटत नाही. आणि वाटलं नाही की माणूस हलत नाही. असे रुग्ण त्यांच्याकडे आता नियमित येत होते. किंवा खरं तर त्या रुग्णांच्या घरचे येत होते. पट्टी काढल्यावर घडी हळूहळू जागी होते, असंही त्या म्हणाल्या.

ती जागी झाली ती अशी. रोहिणीला साध्या खोलीत हलवलं होतं. उदय मोसंबी सोलत होता. शेजारच्या खोलीत कोणाचं तरी ड्रेसिंग चालू होतं आणि एक बारीक, दाबलेला आवाज आला. उदयच्या पोटात कळ उठली. त्याने रोहिणीकडे पाहिलं, गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात, सुकलेला चेहरा, आणि घाटातलं ते वळण आवाजासकट, उन्हासकट त्याच्यावर कोसळलं. शहारलेला दंड. चिकटलेले शब्द. थांबू या का. स्वतःची काळी बोटं. त्या बाईंचं बघणं. त्या बघण्यात काय होतं ते आता त्याला उमगलं. तो कसाबसा न्हाणीघरापर्यंत पोचला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बाहेर आल्यावर त्याने पट्टीबद्दल बोलायला सुरुवात केली. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. इन्सुला, लहरी. रोहिणीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी तुला काढायला सांगितली होती," ती म्हणाली. "तू केस वाढवलेस."

त्याला वाटत होतं, तिला ते कळलं नव्हतं.

"तू मला मागे टाकून पुढे गेला असतास ना, तर मी थांबले असते, उदय. सावलीत बसले असते. कुणाला तरी हाक मारली असती. तू शेजारी होतास म्हणून मी चालवत राहिले. मला वाटलं, त्याला दिसतंय. तो म्हणतोय अजून थोडं, म्हणजे मला जमेल."

 तो तिच्या पलंगाच्या कडेला बसला. ती त्याच्यापासून लांब सरकली नाही, आणि तिने त्याचा हातही धरला नाही.

घरी आल्यावर त्याने तिचं सगळं केलं. केस विंचरले, औषधं दिली, रात्री कूस बदलताना ती कण्हली की उठून बसला. ती आभार मानायची, परक्या माणसाचे मानावे तसे. ते ऐकून त्याला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं व्हायचं. रस्त्यात ओळखीचे भेटले आणि "तुम्ही जवळ होता म्हणून वाचल्या वहिनी" असं म्हणाले, की तो खाली बघायचा. सुरुवातीला त्याने दोघा-तिघांना खरं काय घडलं ते सांगायचा प्रयत्न केला. लोकांना ते ऐकायचं नव्हतं. पट्टीचा दोष, म्हणायचे, तुमचा काय. मग ते आणखी वाईट वाटायचं, कारण केस वाढवायला पट्टीने सांगितलं नव्हतं.

शेवटी तो ज्यांना ज्यांना पट्टी घ्यायला त्याने भरीला घातलं होतं त्यांच्याकडे जाऊ लागला. रोहिणीला विचारून गेला. कोणी ऐकून घेतलं आणि पट्टी काढली. कोणी म्हणालं, आम्ही फक्त घाटापुरती लावतो. त्या इंजिनिअरने दारातच सांगितलं, की काका, पहिले आलात तेव्हा बरी होती पट्टी. उदयने मान डोलावली. ते खरंच होतं.

मिलिंदकडे जायचं तो टाळत होता. एका संध्याकाळी गेला.

घर स्वच्छ होतं, औषधाच्या गोळ्या वेळेनुसार डब्यांत लावलेल्या. मिलिंदने दार उघडलं. त्याचं तोंड उदयने महिन्याभरात पाहिलं नव्हतं. गालफडं बसली होती, ओठ फुटले होते, पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. पण बोलणं उत्साही होतं. त्याने सांगितलं, की आईला सांभाळायला बाई होती तिला काढून टाकलं, आता गरज नाही, दिवसा बँक, रात्री आई, पहाटे सायकल, सगळं होतं. उदयने त्याला आपलं सांगितलं. काहीही न वगळता, चेनपर्यंत सांगितलं.

मिलिंदने गोळ्यांचा एक डबा सरळ करून ठेवला.

"उदयदादा, तुम्ही दिलीत तेव्हा मी आईवर हात उगारायच्या बेतात आलो होतो. रात्रभर ती कण्हायची आणि ते माझ्या डोक्यात घुसायचं. आता ती कण्हते, मी उठतो, कूस बदलतो, झोपतो. मला त्रास होत नाही. तिचं एकही औषध चुकत नाही. यात वाईट काय, ते सांगा मला."

 डॉ. तांबोळींची वाक्यं उदयला पाठ होती, पण ती इथे कामाची नव्हती. मिलिंदच्या कानामागे ती पट्टी त्यानेच लावली होती. स्वतःच्या हाताने, आणि कौतुकाने.

आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. मिलिंद उठला नाही. घड्याळाकडे पाहून म्हणाला की कूस बदलायची वेळ अजून झालेली नाही. उदय उठून आत गेला. मिलिंदच्या आई, काकू, भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, लुळा हात अंगाखाली गेलेला. त्याने तो हलकेच सोडवला, त्यांना आपल्याकडे वळवलं, पाठीला उशी लावली. कमरेपाशी कातडी लाल झाली होती. त्याचा हात लागताच त्यांनी डोळे गच्च मिटले आणि उदयच्याच कमरेतून चमक गेल्यासारखी झाली.

मिलिंद दारात येऊन उभा राहिला होता.

"दुखतंय का तिला?" त्याने विचारलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच माहिती हवी होती.

"हो," उदय म्हणाला. "खूप."

मिलिंदने ते लक्षात ठेवल्यासारखी मान हलवली.

काकूंनी डोळे उघडले. त्या उदयकडे बघत नव्हत्या. दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या मुलाकडे, त्याच्या पावलांकडे, मग चेहऱ्याकडे, बराच वेळ बघत राहिल्या. तोंडाची एकच बाजू हलत होती.

"त्याला बसवा हो," त्या अडखळत उदयला म्हणाल्या. "दमलाय तो."

"मी नाही दमलो, आई," मिलिंद म्हणाला, आणि ते तो अगदी मनापासून म्हणत होता.

उदयने खुर्ची ओढली. मिलिंदच्या खांद्यांना धरून त्याला आईसमोर बसवलं. त्याने विरोध केला नाही. खाली बसल्यावर त्याचे गुडघे थरथरू लागले, मग मांडीवर ठेवलेले हात. त्याने ते उचलून डोळ्यांसमोर धरले आणि तो त्यांच्याकडे बघत राहिला, कोणा दुसऱ्याचे असावेत तसे. काकूंच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. ते का येतंय, हे मिलिंदला कळत नव्हतं, उदयला कळत होतं. आणि तो कुठेही न जाता, मान खाली घालून, त्या दोघांच्या मध्ये उभा राहिला.